पचनज व्रण : निदान व उपचारांचा इतिहास

जठर किंवा ग्रहणी (लहान आतड्याचा आरंभीचा भाग) यांच्या अंतःस्तरास पडणाऱ्या व्रणास ‘पचनज व्रण’ म्हणतात. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे ज्या आयुर्वेदाचे महाविद्यालय स्थापिले, त्या शास्त्रात हे दुखणे वेदनेच्या वेळेवरून ओळखले जाई. माधवनिदानात अन्न पचताना उठणाऱ्या वेदनेस परिणामशूल म्हटले असून वांतीनेच शमणारा अन्नद्रवशूल त्याहून वेगळा मानला आहे. परिणामशूलाचे वर्णन ग्रहणीव्रणाशी पुष्कळसे जुळते. तथापि व्रण पाहण्याचे साधन त्या काळी नसल्याने हे साम्य फार ताणू नये.

पाश्चात्त्य वैद्यकात १९१० पासून सर्व दोष आम्लाकडे गेला. रुग्णास दूध व पथ्यावर ठेवीत; गुण न आल्यास जठराचा भाग कापीत. सिमेटिडीनने (१९७६) शस्त्रक्रिया घटल्या, परंतु औषध थांबविताच व्रण अनेकदा उलटे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरन व मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील सूक्ष्मजंतू दाखविला (नोबेल पारितोषिक, २००५). तो आढळल्यास आम्लस्राव घटविणाऱ्या औषधासह प्रतिजैविके साधारणतः १४ दिवस देतात. दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. सांधेदुखीसाठी त्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यास पोटदुखी न होताही रक्तस्राव होऊ शकतो. रक्ताची वांती किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.