पाद्र्याविना सव्वादोनशे वर्षे

फेब्रुवारी महिना आला की वसईकरांना आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत आपला हा वसईचा सुपुत्र होता. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि उरलेले सतरा जपानी प्रापंचिक अशी ती सव्वीस नावे आहेत. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. येथवरची कथा आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गातच कळते. परंतु त्या रक्तसाक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या साध्यासुध्या जपानी कुटुंबांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. संसारी माणसाला हा उत्तरार्धच अधिक जवळचा वाटेल, असे मला वाटते.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानात उतरले आणि पुढील काही दशकांत तेथे श्रद्धा झपाट्याने फोफावली. १६१४ साली मात्र संपूर्ण देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. मिशनऱ्यांना हाकलण्यात आले, लपून राहिलेले धर्मगुरू एकेक करून पकडले गेले. १६४४ साली कोनिशी मान्सियो या जपानी येशूसंघीयाने प्राणार्पण केल्यावर त्या देशात धर्मगुरू म्हणून कोणी उरला नाही. प्रत्येक घराची नोंद बौद्ध मंदिरात करणे सक्तीचे झाले. पाच-पाच घरांचे गट पाडून, एकाच्या अपराधाची शिक्षा पाचांना, अशी व्यवस्था लावण्यात आली. नागासाकी परिसरात दरवर्षी नववर्षाच्या सुमारास प्रत्येकाला प्रभू येशू किंवा पवित्र मरिया यांच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे.

अशा स्थितीत एखादा धर्म किती काळ तगेल? वीस वर्षे? फार तर एक पिढी? पण नागासाकीजवळच्या उराकामी, सोतोमे, गोतो या भागांतील शेतकरी व कोळी कुटुंबांनी तो सुमारे सव्वादोनशे वर्षे जपला. त्यांची मांडणी अगदी साधी होती. गावात एक पंचांग सांभाळणारा, एक स्नानसंस्कार देणारा आणि एक घरोघर निरोप पोचविणारा. बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाच्या नावाने चालत आलेले उपासनेचे पंचांग त्यांच्याकडे होते. नाताळ केव्हा, उपवासकाळ केव्हा, कोणत्या दिवशी शेतात राबायचे नाही, हे त्यावरून घरातल्यांना समजे. बाहेरच्याला चिनी मातीची कान्नोन देवता दिसावी अशा मूर्तीपुढे ते पवित्र मरियेला आळवीत. प्रार्थना बापाकडून मुलाकडे तोंडपाठ जात. त्यांचे लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्पिढ्या झिजत गेले, परंतु सुटले नाहीत. (धर्मगुरूला ते ‘बातेरेन’ म्हणत. आपला ‘पाद्री’ आणि त्यांचा ‘बातेरेन’ एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे!)

मग त्या प्रतिमेवर ठेवलेल्या पावलांचे काय? वाचकहो, या प्रश्नाला बगल देणे मला योग्य वाटत नाही. ते पाऊल ठेवीत होते, आणि ते पाप आहे हे त्यांना ठाऊक होते. पापनिवेदन ऐकणारा कोणी नसल्याने घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. ‘कोंचिरिसान’ हे तिचे नाव. १६०३ साली छापलेल्या एका पुस्तिकेतील हे शिक्षण हातोहात नकलून त्यांनी टिकविले होते. निशिझाकाच्या वीरांपुढे हे लोक खुजे वाटतात खरे. पण दर वर्षी तेच पाप, दर वर्षी तेच अश्रू, आणि तरीही आपल्या बाळाला स्नानसंस्कार दिल्याशिवाय न राहणे, याला भ्याडपणा म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

१८६५ साली नागासाकीत ओउरा येथे परदेशी लोकांसाठी एक चर्च उभे राहिले. ते याच २६ रक्तसाक्ष्यांना अर्पिलेले होते. १७ मार्च रोजी दुपारी उराकामीचे काही गावकरी तेथे आले. फादर बर्नार्ड पेतिजाँ प्रार्थना करीत असता एका स्त्रीने जवळ येऊन हलक्या आवाजात सांगितले, की आम्हा सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि लगेच विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे? बाळ येशूला हाती घेतलेली मूर्ती पाहून त्यांना नाताळ आठवला. आज दुःखकाळाचा सतरावा दिवस आहे, असेही ते म्हणाले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी होता. हिशेब बरोबर होता! पुढे भेटलेल्या गावकऱ्यांनी रोमच्या थोर अधिपतीविषयी आणि फादरांना मुलेबाळे आहेत का याविषयी विचारून आपली खात्री करून घेतली.

बंदी मात्र उठलेली नव्हती, आणि संघर्षाला तोंड फुटले ते अंत्यविधीवरून. आजवर मयताच्या घरी बौद्ध भिक्षू येऊन मंत्र म्हणे, आणि काही गावांत शेजारच्या खोलीत घरची माणसे त्या मंत्रांचा प्रभाव पुसण्यासाठी आपली प्रार्थना पुटपुटत. १८६७ साली उराकामीच्या ख्रिस्ती लोकांनी भिक्षूला बोलाविण्यास उघड नकार दिला. आपल्या माणसाला आपल्याच प्रार्थनेने मूठमाती द्यायची, एवढेच त्यांचे मागणे होते. जुलै महिन्यात एका रात्री ६८ जणांना पकडण्यात आले. छळापुढे जवळजवळ सर्वांनी श्रद्धा नाकारली. ताकागी सेन्एमोन नावाचा एक प्रापंचिक तेवढा बधला नाही. त्याला पाहून घरी परतलेले इतर जण इतके ओशाळले, की अधिकाऱ्यांकडे जाऊन त्यांनी आपला नकार मागे घेतला.

त्यानंतर उराकामीचे तीन हजारांहून अधिक लोक, बायकामुलांसह, देशभर हद्दपार झाले. त्सुवानो येथे सेन्एमोनला बर्फाळ तळ्यात बुडविण्यात आले. सहाशेहून अधिक माणसे परमुलखात मरण पावली. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीचे फलक उतरविले गेले आणि उरलेले घरी परतले. सगळेच गुप्त ख्रिस्ती ख्रिस्तसभेत आले नाहीत. अनेकांना पूर्वजांची रीत सोडवेना, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही.

परतलेल्यांपुढे मोडकी घरे आणि ओसाड शेते होती. १८७४ साली तेथे हगवणीची साथ आली. फादर द रोत्झ यांच्यासोबत गावातील काही तरुणी रुग्णांच्या सेवेला लागल्या. हद्दपारी भोगून आलेली इवानागा माकी त्यांत होती. साथ ओसरल्यावर आईबाप गमावलेली मुले या तरुणींनी सांभाळली, शेत कसून त्यांना जेवू घातले. त्यातूनच पुढे तेथे व्रतस्थ भगिनींचा एक संघ उभा राहिला.