सागरी परिस्थितिविज्ञान व संवर्धन : भारतातील विद्यापीठीय शिक्षण

समुद्रातील आणि किनाऱ्यावरील सजीवांचे एकमेकांशी, तसेच पाणी, तळ, प्रकाश व क्षारता यांच्याशी असलेले संबंध अभ्यासणारी आणि ते संबंध टिकवण्याचे उपाय शोधणारी विद्याशाखा. भारतात ती प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर, चार सत्रांच्या एम.एस्सी.त शिकवली जाते. पदवीपत्रावर मात्र हे नाव सहसा नसते. तिथे सागरी जीवशास्त्र, सागर विज्ञान किंवा मत्स्य विज्ञान असे लिहिलेले आढळते आणि परिस्थितिविज्ञान त्याच्या पोटात असते. प्रवेशासाठी बहुधा प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एखाद्या विषयातील बी.एस्सी. लागते. गणिताला कंटाळून जीवशास्त्राकडे वळलेल्यांची पहिल्याच सत्रात संख्याशास्त्राशी गाठ पडते.

या विषयाचे मूळ मासेमारीत आहे. फ्रान्सिस डे यांचा भारतातील माशांवरील ग्रंथ 1875 ते 1878 या काळात प्रसिद्ध झाला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 मध्ये स्थापन झाली; तिचे मुख्यालय पूर्वी तमिळनाडूतील मंडपम येथे होते, पुढे ते कोचीत आले. मासा किती मिळेल हा तेव्हाचा मुख्य प्रश्न होता. तो का कमी झाला, हा प्रश्न पुष्कळ नंतर आला. 1959 ते 1965 या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने चित्र बदलले. मोहिमेत गोळा झालेल्या प्राणिप्लवकांचे नमुने निवडण्याचे काम कोचीत त्यासाठीच काढलेल्या केंद्रात चालले आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसून जाती ओळखणारी भारतीय अभ्यासकांची एक पिढी त्यातून तयार झाली. मोहिमेपाठोपाठ 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावल येथे आहे. प्लवक आणि जलरसायन यांवर भारतीय अभ्यासक्रमांचा जो भर आजही दिसतो, त्याची मुळे बरीचशी या मोहिमेत आहेत.

कोणता विभाग काय शिकवतो हे बऱ्याच अंशी त्याच्यासमोरच्या किनाऱ्यावर ठरते. अण्णामलाई विद्यापीठाचे परंगीपेट्टई येथील केंद्र वेल्लार नदीच्या मुखाशी असून पिचावरमची कांदळवने जवळच आहेत. खाडी आणि कांदळवन हा तिथला जुना अभ्यासविषय. ओडिशातील ब्रह्मपूर विद्यापीठाला ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळची ऑलिव्ह रिडले कासवांची सामूहिक वीण हाताशी मिळते. पुदुच्चेरी विद्यापीठाच्या पोर्ट ब्लेअर येथील विभागाला प्रवाळ मिळाले आहेत. कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि कारवार येथील कर्नाटक विद्यापीठाचा विभाग ही पश्चिम किनाऱ्यावरील जुनी ठिकाणे. मराठी विद्यार्थ्यांना जवळची केंद्रे म्हणजे ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठ, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना 1961) आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीतील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय (1981). अपवाद देहरादूनचा : समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेली तिथली भारतीय वन्यजीव संस्था कासवे आणि समुद्रगायी यांच्या संवर्धनात मात्र आघाडीवर आहे.

अभ्यासाचा गाभा ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकावर शिकायला मिळतो. कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते, म्हणून उधाणाची सर्वांत खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पडते. खडक सर्वाधिक उघडा मिळतो तो तेव्हाच, त्यामुळे विद्यार्थ्यांना अंधारातच निघावे लागते. भरतीरेषेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची आणि चौकटीत दोऱ्यांनी पाडलेल्या चौकोनांतून कोणत्या जीवाने किती जागा व्यापली ते मोजायचे. वरच्या कोरड्या फटींत बारीक शंखगोगलगायी, त्याखाली बार्नॅकलचा खरखरीत पट्टा, मग कालवे आणि अगदी खाली शेवाळ, असे थर दिसतात. भांगाच्या, म्हणजे ओहोटी कमी उतरते त्या दिवशी गेलेल्याला यातले खालचे थर दिसतच नाहीत.

हे थर का पडतात याचे उत्तर जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जातींच्या बार्नॅकलवर प्रयोग करून 1961 मध्ये दिले. वरची मर्यादा मुख्यतः ऊन व कोरडेपणा ठरवतो, तर खालची शेजाऱ्याशी असलेली चढाओढ. रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील खडकांवरून तारामासे उचलून फेकले, तेव्हा शिंपल्यांनी बाकीच्यांना हुसकावून खडक बळकावला. हा निष्कर्ष 1966 चा. जिच्या एकटीच्या जाण्याने सारा समुदाय बदलतो ती कळीची जाती, ही कल्पना त्यांनी 1969 मध्ये मांडली. हे दोन प्रयोग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असतात आणि दोन्हींना हत्यार म्हणून हात, डोळे व चिकाटी यांखेरीज फारसे काही लागले नव्हते. महागड्या उपकरणांअभावी काही करता येत नाही, ही विभागांची नेहमीची तक्रार म्हणूनच पूर्णपणे पटत नाही.

प्रयोगशाळेत पहिली कसोटी असते विंकलर पद्धतीने पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची. हलत्या होडीत रबरी नळी बाटलीच्या तळाशी लावून पाणी काठोकाठ वाहू द्यायचे; एक बुडबुडा आत राहिला तरी नमुना वाया. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर तपकिरी साका बसतो, तो आम्लात विरघळतो आणि मग थायोसल्फेटच्या थेंबांनी स्टार्चचा निळा रंग उडेपर्यंत मोजणी चालते. हल्ली संवेदक हेच काम क्षणात करतात, पण ते बरोबर सांगतात की नाही हे पडताळायला आजही विंकलरच लागतो.

संवर्धनाचा भाग शिकवायला अवघड, आणि बहुतेक ठिकाणी तो उरकला जातो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991, 2011 व 2019 च्या किनारी नियमन अधिसूचना एका पेपरात संपतात. कायदा किनाऱ्यावर आल्यावर काय होते, हे पाहायचे असेल तर मालवणला जावे. तिथले सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले, क्षेत्र 29.12 चौ. किमी. त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातले पाणी येते. ज्या पाण्यावर आपली चूल पेटते ते पाणी आपल्याला न विचारता राखीव झाले, म्हणून स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला आणि अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिले. त्याच किनाऱ्यावर काठावरून जाळे ओढणारे पारंपरिक रापणकर आणि यांत्रिक होड्यांतून पर्ससीन जाळी टाकणारे यांच्यात वर्षानुवर्षे तंटा आहे. माशांच्या साठ्याचे गणित शिकलेल्या पदवीधराने रापणीची दोरी ओढणाऱ्याशी बोलायचे कसे, याचे धडे फारच थोड्या अभ्यासक्रमांत असतात.

उलट उदाहरण मंडणगड तालुक्यातील वेळासचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. घरट्यातील वाळूच्या तापमानावर पिल्लांचे लिंग ठरते, जास्त उष्णतेत माद्या अधिक निपजतात. त्यामुळे अंडी कुठे व किती खोल पुरायची हा गावच्या राखणदारापुढचा प्रश्न शास्त्राचाही आहे. 2022 च्या सुरुवातीला कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले गेले. त्यामागे भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचा कांदळवन कक्ष होता.

पदवीनंतरच्या वाटा : संशोधन संस्थांतील प्रकल्पपदे, मत्स्य विभाग, बंदरे व प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्या, स्वयंसेवी संस्था. प्रकल्पपदे बहुधा मुदतीची असतात आणि पीएच.डी.शिवाय वरची दारे उघडत नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे. पाण्याखाली उतरण्याचे प्रशिक्षण बहुधा स्वतःच्या खर्चाने घ्यावे लागते.

प्रवेश घेणाऱ्याने माहितीपत्रकातील प्रयोगशाळांची छायाचित्रे बाजूला ठेवून विभागाला दोन प्रश्न विचारावेत : चार सत्रांत विद्यार्थी किती ओहोट्या किनाऱ्यावर घालवतात, आणि गेल्या वर्षीचे लघुप्रबंध कोणत्या किनाऱ्यांवर झाले? नेमके उत्तर मिळाले नाही, तर दुसरा विभाग पाहावा.