वरचा दोरा, खालचा दोरा

१/ तुळजापूरच्या भवानीची ओटी खणाने भरतात. खणाची चोळी एकेकाळी हातानेच शिवली जाई. मग घरोघरी शिलाई मशीन आले. तेच मशीन आज ‘दोरा गुंतवते’ म्हणून भंगारात निघते.

२/ १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास हाउ यांनी दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचे पेटंट घेतले. सुईचा दोरा वरून, दुसरा खालून येतो आणि दोन्हींची अढी कापडाच्या मधोमध पडते. एकेरी साखळी-टाक्याप्रमाणे हा टाका सरसर उसवत नाही.

३/ यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानले. १९३० च्या दशकात कोलकात्यात देशी ‘उषा’ घडू लागली.

४/ कापडाखाली दोऱ्याचे फास दिसले की दोष बॉबिनला दिला जातो. कारण बहुधा वर असते: वरच्या दोऱ्याला पुरेसा ताण नसतो. फूट उचलूनच दोरा ओवावा. बहुतेक मशीनांत ताणाच्या चकत्या तेव्हाच सैल होतात. चकत्यांतला कचरा काढावा, मग ताणाचा स्क्रू किंचित आवळावा. बॉबिन केसचा स्क्रू अगदी शेवटी.

५/ दोन्ही दोरे समान ओढले गेले, तरच टाका बसतो. हे ठाऊक नसल्याने धडधाकट यंत्र मोडीत जाते आणि त्यासोबत दुरुस्तीची विद्याही.