मावशीचे नवस आणि शिकागोच्या सात स्त्रिया

माझी एक मावशी दरवर्षी दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला जाई. तिला कावळा शिवे तो चार-चार महिन्यांनी. हनुवटीवर केस येत. ते ती दार लावून दोऱ्याने काढी. काढे झाले, नवस झाले, प्रदक्षिणा झाल्या. १९६१ साली जावेच्या डोहाळजेवणात सासूने तिला ओटी भरू दिली नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. स्वयंपाकघरात पुरण वाटणारे तिचे हात अजून आठवतात.

पुढे या दुखण्याचा इतिहास वाचला आणि मन चरकले. मावशीच्या लक्षणांशी तंतोतंत जुळणाऱ्या सात स्त्रियांची हकीगत शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ सालीच छापली होती! त्यांच्या बीजांडकोशांत बारीक बारीक पुटकुळ्या दाटल्या होत्या. डॉक्टरांनी कलिंगडाची फोड काढावी तसा कोशाचा एक तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस राहिले. पण सुरीचे व्रण आत चिकटत आणि कधी कधी मूल होण्याची वाट नव्यानेच अडे.

सुरीची जागा गोळीने घेतली ती क्लोमिफेनच्या रूपाने. गंमत अशी, की ज्या १९६१ साली मावशीची ओटी नाकारली गेली, त्याच साली अमेरिकेतल्या ऑगस्टा गावी डॉ. ग्रीनब्लाट यांनी या औषधाने बीज सुटते असे जाहीर केले. ही गोळी शरीराची गोड फसवणूक करते. स्त्रीरस कमी पडला आहे अशी मेंदूची समजूत होते, आणि तो बीजांडकोशाला नेटाने कामाला लावतो. १९६७ साली अमेरिकन सरकारने तिला परवानगी दिली.

मग इन्शुलिनचा धागा हाती आला. या स्त्रियांच्या रक्तात ते जादा असते, असे १९८० साली दिसले. म्हणून मधुमेहाचे मेटफॉर्मिन त्यांना देऊन पाहिल्याची हकीगत १९९४ साली व्हेनेझुएलातून आली. आशा फार वाढल्या. पण २००७ साली ६२६ स्त्रियांचा पडताळा छापून आला. क्लोमिफेनने शेकडा २२.५ जणींच्या घरी पाळणा हलला, नुसत्या मेटफॉर्मिनने ७.२.

तिसरे लेट्रोझोल, मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे. आपल्या सरकारने वंध्यत्वासाठी त्यावर २०११ साली बंदी घातली. २०१४ साली अमेरिकेतल्या ७५० स्त्रियांच्या अभ्यासात ते क्लोमिफेनपेक्षा सरस ठरले : शेकडा २७.५ विरुद्ध १९.१. २०१७ साली आपल्याकडची बंदी उठली.

यातले एकही औषध दुखणे मुळासकट उपटत नाही. मूल नको असेल तेव्हा पाळी नियमित करायला वेगळ्या गोळ्या, आणि जोडीला आहार-व्यायाम. पण या इतिहासाने एक गोष्ट पक्की केली : हा आजार आहे, पाप नव्हे.

गेल्या पाडव्याला मावशीच्या पुतणीची मुलगी फराळाला आली होती. चकलीचा तुकडा मोडता मोडता तिने सर्वांदेखत पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि दुसरी चकली मागितली. कोणी काही विचारले नाही. मावशी असती, तर तिने पाण्याचा पेला स्वतः भरून दिला असता.