थोरांग ला, 14 ऑक्टोबर 2014

8 ऑक्टोबर. अंदमानजवळच्या कमी दाबाच्या पट्ट्याचे चक्रीवादळ झाले. नाव हुदहुद. भारतीय हवामान खात्याने त्याचा मार्ग आधीच वर्तवला होता. आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून लाखो लोकांना हलवण्याची तयारी सुरू झाली.

त्याच आठवड्यात नेपाळमध्ये गिर्यारोहणाचा हंगाम भरात होता. पावसाळा सरलेला, आकाश निरभ्र. अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर देशोदेशीचे ट्रेकर होते. या वाटेवरची सर्वांत उंच जागा म्हणजे थोरांग ला ही खिंड. उंची 5,416 मीटर.

12 ऑक्टोबर, दुपारी 12 ते 1. हुदहुद विशाखापट्टणमला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी 170 ते 180 किलोमीटर. थोरांग ला तिथून जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे 1,200 किलोमीटरवर.

13 ऑक्टोबर, दिवसा. वादळ छत्तीसगडवर आले आणि क्षीण झाले. वाऱ्याचा जोर ओसरला, पण त्यातले बाष्प शिल्लक होते. वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांनी ते हिमालयाकडे ओढून नेले.

13 ऑक्टोबर, संध्याकाळ. खिंडीखालचे थोरांग फेदी (सुमारे 4,450 मीटर) आणि हाय कॅम्प (सुमारे 4,880 मीटर) इथली निवासस्थाने भरलेली. ढग खाली उतरले होते. हवामानाचा ताजा इशारा या मुक्कामांपर्यंत पोहोचवणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. लोक खिडकीबाहेर पाहून अंदाज बांधत होते.

14 ऑक्टोबर, पहाटे 4 ते 5. खिंडीवर उशिरा वारा सुटतो, म्हणून अंधारातच निघायची इथली रीत. बर्फ पडत होता. काही गटांनी थांबायचे ठरवले. बाकीचे निघाले. उजाडल्यावर आकाश उघडेल, असे वाटत होते. पुढचे मुक्काम, परतीची तिकिटे, संपत आलेली सुट्टी, सगळे ठरलेले होते. सामान वाहणाऱ्यांपैकी अनेकांकडे पुरेसे गरम कपडेही नव्हते.

सकाळ. बर्फ वाढत गेला. मागे फिरायला अजून वाव होता. पुढे चालणाऱ्यांची पावले दिसत होती आणि मागचे त्यांवरून जात राहिले. थोड्या वेळाने ती पावलेही बुजली.

दुपारच्या आत. खिंडीच्या माथ्यावर दगडी भिंतींची एक लहानशी चहाची टपरी आहे. तिच्यात माणसे दाटीवाटीने उभी होती. बाहेर हाताच्या अंतरापलीकडचे दिसत नव्हते. वाट दाखवणारे खांब बर्फात गडप झाले होते. खिंडीपलीकडचे मुक्तिनाथ अजून सुमारे 1,600 मीटर खाली.

दुपार. टपरीत निर्णय झाला. काही जण उतरायला निघाले. काही जण आतच राहिले. उतरणाऱ्यांपैकी कित्येक जण कमरेइतक्या बर्फात वाट चुकले. दमलेला माणूस खाली बसला की थंडी त्याला उठू देत नाही.

संध्याकाळ ते रात्र. सुमारे 12 तासांत या भागात जवळजवळ 1.8 मीटर बर्फ पडला. टपरीत राहिलेल्यांनी एकमेकांना झोपू न देता रात्र काढली.

15 ऑक्टोबर, सकाळ. आकाश उघडले. लष्कराची हेलिकॉप्टर उडाली. पुढच्या काही दिवसांत पाचशेहून अधिक लोकांची सुटका झाली. वादळ आणि हिमस्खलने मिळून नेपाळमध्ये किमान 43 जणांचा मृत्यू झाला. त्यांत ट्रेकर होते, वाटाडे होते, हमाल होते, स्थानिक गावकरीही होते. इशारा देणारी यंत्रणा उभारू, असे पंतप्रधान सुशील कोईराला यांनी नंतर सांगितले.

वादळ किनाऱ्यावर आदळल्यापासून पहिले पाऊल उचलेपर्यंत जवळजवळ 40 तास हातात होते. किनाऱ्यावर इशारा घरोघरी पोहोचला. डोंगरात तो पोहोचला नाही.

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळच्या नेमगिरीवर पावसाने गाठले, तर थोड्या वेळात खाली येता येते. पाच हजार मीटरवर तशी सोय नाही. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक गटाने निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: बंगालच्या उपसागरात काय चालले आहे, किती वाजता मागे फिरायचे, आणि राखीव दिवस कोणता. मागे फिरलेल्या माणसाला ती खिंड पुढच्या वर्षीही गाठता येते.