सेवक-नेतृत्व

सेवक-नेतृत्व : नेतृत्वाचे मूळ पदात नसून सेवेच्या आंतरिक ओढीत असते, असे मानणारी व्यवस्थापनविचारातील संकल्पना. रॉबर्ट के. ग्रीनलीफ (1904–90) यांनी ती 1970 मध्ये एका निबंधात मांडली. ग्रीनलीफ विद्यापीठातले पंडित नव्हेत; एटी अँड टी या अवाढव्य अमेरिकी दूरध्वनी कंपनीत 1926 पासून 1964 पर्यंत त्यांनी नोकरी केली आणि शेवटी तिथले व्यवस्थापन-संशोधन सांभाळले.

कल्पना सुचली हेर्मान हेसे यांच्या 1932 च्या एका कादंबरीवरून. तिच्यातला लिओ हा यात्रेकरूंची पडेल ती कामे करणारा गडी. तो नाहीसा होताच तांडा विस्कटतो. पुढे कळते की यात्रा काढणाऱ्या संघाचा प्रमुख तोच. ग्रीनलीफ यांनी यातून क्रम घेतला : आधी सेवक, मग नेता. (मूळ प्रमुखच गडी झाला होता, ही गोष्ट मात्र सिद्धान्ताला जरा अडचणीचीच.)

सेवकवृत्तीची पहिली खूण ऐकणे. हाताखालच्याचे वाक्य पुरे होण्याआधी तोडगा सांगणारा वरिष्ठ इथेच नापास होतो. आणखी एक खूण जाणीव; ती मनाला स्वस्थता देत नाही, उलट अस्वस्थ करते, असे ग्रीनलीफ म्हणत. वेळ हातात असताना पुढचे न ओळखणे ही त्यांच्या मते नैतिक चूक.

हुकमापेक्षा मन वळवण्यावर त्यांचा भर होता. स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे असलेल्या ग्रीनलीफ यांनी उदाहरण दिले ते अठराव्या शतकातील जॉन वुलमन (1720–72) या न्यू जर्सीच्या क्वेकर शिंप्याचे. गुलाम बाळगणाऱ्या धर्मबंधूंच्या घरी तो जाई आणि दोष न देता विचारी : याने तुमचे काय होते? मुलांसाठी तुम्ही काय मागे ठेवता? अशी वर्षे गेली. क्वेकरांच्या फिलाडेल्फियातील वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम बाळगण्यास मनाई केली 1776 मध्ये. तेव्हा वुलमनला जाऊन चार वर्षे झाली होती.

मराठीत ‘सेवक’ शब्दाला गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे (1905) तेज होते. निवडणुकीच्या फलकांनी ते बरेच उतरवले. कार्यालयातही धोका तोच : पगारवाढ आणि बदली ज्याच्या हातात, त्याने स्वतःला सेवक म्हणवणे सोपे असते. संशोधनातील मोजपट्ट्या बहुधा कर्मचाऱ्यांना साहेब कसा वाटतो, हे विचारतात. ग्रीनलीफ यांची कसोटी साहेबाऐवजी त्या कर्मचाऱ्यांकडे पाहते : ते अधिक शहाणे, मोकळे, स्वावलंबी झाले का, आणि समाजातल्या सर्वांत वंचितांचे काय झाले?