तुकाराम तात्या पडवळ : उघडलेली पोथी, बंद पाणवठा

महात्मा फुले यांच्या चरित्रात तुकाराम तात्या पडवळ हे नाव एखाद्या ओळीपुरते येते आणि नाहीसे होते. थिऑसफीच्या इतिहासात तेच नाव पुन्हा भेटते, पण तेथे फुल्यांची आठवण कोणी काढत नाही. वर्गात एकोणिसावे शतक शिकवीत असताना, या दोन्ही ठिकाणचा माणूस एकच आहे हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ लागला. आपल्या चळवळीने या माणसाचा हिशेब अजून नीट मांडलेला नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

पडवळ जातीने भंडारी. मुंबईत कापसाचा व्यापार करणारे. 1861 साली त्यांनी ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक लिहिले आणि लेखक म्हणून ‘एक हिंदू’ एवढेच छापले. जन्मावरून उच्चनीच ठरवणे खोटे आहे, हे त्यांनी ब्राह्मणी ग्रंथांतलेच दाखले देऊन मांडले. 1865 साली याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती जोतीरावांनी स्वतः प्रसिद्ध केली. सत्यशोधक समाज स्थापन व्हायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. म्हणजे जातिविरोधी मराठी ग्रंथपरंपरेच्या पायाच्या दगडांत पडवळांचा एक दगड आहे.

पुढे 1879 च्या फेब्रुवारीत मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईला उतरले आणि गिरगावात राहू लागले. 1875 साली न्यूयॉर्कला स्थापन झालेली थिऑसॉफिकल सोसायटी विश्वबंधुत्वाची भाषा बोलत होती. पडवळ तिच्यात गेले. 1882 च्या अखेरीस सोसायटीचे ठाणे मद्रासजवळ अड्यारला हलले. पडवळ मुंबईतच राहिले आणि प्रकाशनाला लागले. त्यासाठी त्यांनी थिऑसॉफिकल पब्लिकेशन फंड चालवला. पतंजलीची योगसूत्रे, बारा प्रमुख उपनिषदे (1891), हठयोगप्रदीपिका (1893) हे ग्रंथ त्यांनी इंग्रजी भाषांतरांसह छापून बाजारात आणले. 1889 साली तुकोबांची गाथाही काढली. सरकारी मदतीने निघालेल्या पंडितांच्या आवृत्तीत साडेचार हजारांवर अभंग होते. पडवळांनी आठ हजारांहून अधिक गोळा केले.

या कामाचे मोल कमी लेखू नये. ही विद्या ‘गुप्त’ होती म्हणजे काय? ती हिमालयाच्या गुहेत नव्हती. अधिकाराच्या कुलपात होती. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतावे, हे स्मृतिवचन प्रमाण म्हणून देतात. तीच उपनिषदे एक भंडारी व्यापारी छापतो आणि पैसे मोजील त्याच्या हाती ठेवतो! छापखान्याला सोवळे नसते. गिऱ्हाइकाची जात तो विचारत नाही. ज्या तुकोबाच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या असे परंपरा सांगते, त्याची गाथाही याच हातांनी छापली, हा काव्यगत न्यायच म्हटला पाहिजे.

पण येथेच थांबलो तर आपण भक्त ठरू, अभ्यासक नव्हे. पोथी उघडली, तेव्हा आत काय निघाले? त्याच छांदोग्य उपनिषदात बापाचे नाव ठाऊक नसलेल्या सत्यकामाला गुरू पदरात घेतो. आणि त्याच उपनिषदात वाईट कर्म करणारा कुत्र्याच्या, डुकराच्या वा चांडाळाच्या योनीत जातो असेही सांगितले आहे. पहिल्या कथेचा गौरव सगळेच करतात. दुसऱ्या वचनाखाली आमच्या शेकडो पिढ्या दडपल्या गेल्या. थिऑसफीने कर्म आणि पुनर्जन्म हा सिद्धान्त उचलून धरला. मग विश्वबंधुत्व सभेच्या खोलीत राहिले आणि पाणवठा बंदच राहिला.

ऑल्कॉटचा अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. 1894 पासून त्यांनी मद्रासेत पंचमांसाठी शाळा काढल्या, आणि 1898 साली पंडित अयोतीदासांना बौद्ध धर्माकडे जाताना हात दिला. परंतु त्यांच्या मागून सोसायटीच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंट यांनी 1909 साली, अस्पृश्यांच्या मुलांना ‘स्वच्छ’ घरच्या मुलांबरोबर शाळेत बसवू नये, असे प्रतिपादन केले. बाबासाहेबांनी हा लेख आपल्या 1945 च्या ग्रंथात उद्धृत करून त्याचे पितळ उघडे पाडले आहे.

1891 या एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली. पडवळांची बारा उपनिषदे, आणि फुल्यांच्या निधनानंतर छापले गेलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. एकेकाळचे हे दोन सोबती. एकाने जुने ग्रंथ सर्वांना खुले केले. दुसऱ्याने त्या ग्रंथांची गरजच नाकारली. पडवळांची 1861 ची पद्धतच त्यांना या वळणावर घेऊन आली, असे माझे मत आहे. शास्त्राच्या विरुद्ध शास्त्राचाच साक्षीदार उभा केला, तरी न्यायाधीशाच्या खुर्चीत शास्त्रच बसलेले राहते. 1936 साली ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी हीच गाठ तोडली: शास्त्रांचे अर्थ लावत बसू नका, त्यांचे प्रामाण्यच झुगारा.

मग पडवळांचे श्रम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. 1946 साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, संस्कृत येत नसताना तुम्ही या विषयात कसे शिरता, या आक्षेपाला बाबासाहेबांनी उत्तर दिले. सारे वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे, आणि माझा त्याचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे, असे त्याचे तात्पर्य. ते उपलब्ध झाले ते ज्यांनी भाषांतरे केली आणि ज्यांनी ती छापली त्यांच्यामुळे; पडवळ त्यांपैकी एक. त्यांनी श्रद्धेने छापले. पण पुस्तक एकदा बाहेर पडले की ते प्रकाशकाच्या श्रद्धेचे बांधील राहत नाही. वाचणारा प्रश्न घेऊन आला, तर तेच पुस्तक पुरावा होते.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: ज्ञानाचे दार उघडणाऱ्याचे ऋण माना, पण दाराआडच्या देव्हाऱ्यापुढे वाकू नका. पोथी प्रत्येकाच्या हाती आली पाहिजे, ती तपासण्यासाठी. आणि पोथी कोणतेही पान दाखवो, पाण्यावरचा हक्क तिच्या परवानगीवर अवलंबून नाही. 1927 साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कोणत्याही उपनिषदाचा दाखला खिशात नव्हता.